नकाशातला वारा आणि पुस्तकातला वारा : भूगोलाच्या पाठ्यपुस्तककारांना खुले पत्र

प्रति,
भूगोलाची पाठ्यपुस्तकं लिहिणारे, तपासणारे आणि छापायला पाठवणारे सर्व जण

स. न. वि. वि.

‘वारे जास्त दाबाच्या प्रदेशाकडून कमी दाबाच्या प्रदेशाकडे वाहतात.’ हे वाक्य मी आजवर किती उत्तरपत्रिकांत वाचलं असेल, याचा हिशेब ठेवलेला नाही. पूर्ण गुण मात्र दर वेळी दिले. पुस्तकात तसंच छापलंय, उत्तरसूचीत तसंच आहे, मग गुण कापायला मी कोण?

मध्यंतरी एका विद्यार्थिनीनं मला अडवलं. तिच्या मोबाइलवर वाऱ्याचा चालता नकाशा उघडलेला होता, बारीक रेघा सरकताना दिसतात तसला. महासागरावर एक भलंमोठं वादळ गरगरत होतं. ती म्हणाली, “बाई, कमी दाब मध्यभागी आहे ना? मग वारा मध्ये का जात नाही? तो तर भोवतीच फिरतोय.” मी म्हटलं, पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे विचलित होतात. “हो, पण किती? थोडेसे, की पार नव्वद अंश?”

उत्तर मला ठाऊक होतं. पण तिच्या दप्तरातल्या पुस्तकातलं एकही वाक्य त्या उत्तराच्या बाजूनं उभं राहत नव्हतं. हे पत्र त्या नव्वद अंशांबद्दल आहे.

पुस्तकातलं वाक्य अक्षरशः खरं धरून चालू. समजा, हजार किलोमीटरच्या अंतरात हवेचा दाब २० हेक्टोपास्कलनी उतरतोय. (जुन्या भाषेत २० मिलिबार. वर्तमानपत्रांत अधूनमधून ‘हेप्टापास्कल’ छापलेलं दिसतं, ते चूक. हेक्टो म्हणजे शंभर, हेप्टा म्हणजे सात.) समशीतोष्ण कटिबंधातल्या हिवाळी वादळात एवढा उतार नेहमीचाच. त्या उतारामुळे हवेला जो ढकला बसतो, त्याचा प्रवेग काढला तर दर सेकंदाला वेगात जेमतेम पावणेदोन मिलिमीटर प्रतिसेकंद इतकीच भर पडते. अगदीच किरकोळ. पण हा ढकला थांबत नाही. तासाभरात वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे जातो आणि कोणी अडवलंच नाही, तर चोवीस तासांनी ताशी ५०० च्याही पुढे. तेवढी वेळ येणारच नाही म्हणा. पाचशे किलोमीटरवरची हवा सहा-सात तासांत मध्यापर्यंत पोचेल, कमी दाबाचा खड्डा भरून टाकेल आणि वादळ तिथल्या तिथे मिटेल.

प्रत्यक्षात अशी वादळं चार-चार, पाच-पाच दिवस टिकतात, अख्खा महासागर ओलांडून जातात. आणि टोर्नेडोसारखे छोटे भोवरे सोडले, तर जमिनीवर ताशी ५०० किलोमीटरच्या जवळपास जाणारा वारा कोणी पाहिलेला नाही. म्हणजे पुस्तकातल्या वाक्यात काहीतरी फार मोठं राहून गेलंय.

हेच गणित ४५ अंश अक्षवृत्तावर, परिवलन धरून करून बघा. वारा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येऊन स्थिरावतो. दिशा? दाबाच्या उताराशी काटकोनात, समदाब रेषांना (सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांना) समांतर. ढकला बसतो, हवा निघते आणि निघाल्याबरोबर उत्तर गोलार्धात उजवीकडे वळू लागते. वेग वाढेल तसं वळणंही वाढतं. शेवटी कमी दाबाची ओढ डावीकडे आणि परिवलनाचं वळवणं उजवीकडे, दोन्हींचा जोर सारखा होतो. मग हवा त्या दोघांच्या कचाट्यातून खड्ड्याच्या काठाकाठानं चालत राहते. आत पडत नाही, बाहेरही जात नाही. दक्षिण गोलार्धात सगळं उलट्या हातानं, बाकी तेच.

दाबातले फरक दिवसेंदिवस टिकतात ते यामुळे. पृथ्वी फिरत नसती तर कमी दाबाचं क्षेत्र जन्मल्या दिवशीच बुजलं असतं, आणि ‘चार दिवसांनी पाऊस’ असं सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

ही गोष्ट काही कालपरवाची नाही. डच शास्त्रज्ञ बायस बॅलट यानं १८५७ मध्ये निरीक्षणांवरून साधा नियम मांडला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. विल्यम फेरेल या अमेरिकन शाळामास्तरानं त्याच्या वर्षभर आधी, १८५६ मध्ये, त्यामागचं कारण लिहायला घेतलं होतं. शाळामास्तर होता, हे मी मुद्दाम सांगते. आपल्या पुस्तकांत या दोघांपैकी एखाद्याचं नाव कोपऱ्यातल्या चौकटीत असतं, ‘तुम्हांला माहीत आहे का?’ या मथळ्याखाली. चौकटीतलं परीक्षेत येत नाही हे मुलांना पहिल्या दिवशी कळतं.

चूक नेमकी कुठे शिरते, तेही सांगते. धड्याची सुरुवात बहुधा खारे वारे आणि मतलई वारे यांच्यापासून होते. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून वारा येतो. रात्री उलट. उदाहरण उत्तम आहे आणि त्या मोजमापाला पुरेसं खरंही आहे, कारण तिथे अंतर काही दहा किलोमीटरांचं आणि वेळ काही तासांची. परिवलनाला आपला हात दाखवायला फारशी सवडच मिळत नाही. पण पुढच्याच पानावर तेच उदाहरण ताणून अख्ख्या पृथ्वीला लावलं जातं. हजारो किलोमीटरचा, आठवडेच्या आठवडे चालणारा वारा म्हणजे मोठा केलेला खारा वारा नव्हे.

उलटी चूकही तितकीच बोकाळलीय. बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका दिशेनं आणि दक्षिणेत दुसऱ्या दिशेनं गरगरत जातं, ही गोष्ट मुलं कुठून तरी ऐकून येतात आणि काही शिक्षकही मान डोलावतात. बेसिनमध्ये परिवलनाचा परिणाम गुरुत्वाकर्षणाच्या दशलक्षांशाइतका. नळाची धार, भांड्याचा आकार, आपला हात, यांपुढे त्याला कोण विचारतो? १९६२ मध्ये अ‍ॅशर शापिरो यांनी एमआयटीत सुमारे १.८ मीटर व्यासाच्या टाकीत पाणी चोवीस तास निवांत ठेवून मग बूच काढलं, तेव्हा कुठे ती गिरकी दिसली. म्हणजे बेसिनला जे लागू नाही ते बेसिनच्या गळ्यात, आणि महासागरावरच्या वाऱ्याला जे पूर्णपणे लागू आहे ते चौकटीत.

आता ‘पोकळी’. ‘हवा तापते, हलकी होऊन वर जाते, तिथे पोकळी निर्माण होते आणि ती भरून काढण्यासाठी वारे वाहतात.’ या वाक्यालाही मी गुण दिलेत, देवा! वातावरणात पोकळी कधीच, कुठेच निर्माण होत नाही. दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन, एवढं एक धरून ठेवलं तरी पुष्कळ गोष्टी सुटतात. टॉरिसेली या इटालियन शास्त्रज्ञानं १६४४ च्या एका पत्रात लिहिलं होतं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतो. चार वर्षांनी, १९ सप्टेंबर १६४८ रोजी, पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंटीमीटर खाली आला. वर हवा कमी उरली, वजन कमी झालं. समुद्रसपाटीला हे वजन दर चौरस मीटरला दहा टनांच्या घरात आहे.

मग हवेचा एखादा स्तंभ तापला तर काय होईल? तो फुगेल, उंच होईल. पण वजन? तेवढंच. तापलेल्या दुधाचं वजन उतू जाईपर्यंत कमी होत नाही. फुगलेल्या स्तंभाच्या माथ्यावरची हवा जोवर बाजूला वाहून जात नाही, तोवर जमिनीवरचा दाब उतरायला काही कारणच नाही. म्हणजे पहिली हालचाल वर होते, खालचा वारा त्यानंतरचा. ही एवढी साखळी मुलांना समजत नाही असं कोणी म्हणू नये. समजते. पोकळीपेक्षा लवकर समजते.

त्यातच आणखी एक घाला : दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणुभार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. दमट म्हणजे जड अशी आपल्या अंगाची समजूत असते आणि ती मोडताना वर्गात मजा येते. विषुववृत्ताजवळची हवा नुसत्या उन्हानं वर चढत नाही. वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तिच्या बळावर ती पंधरा-सोळा किलोमीटर उंच जाते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे सात लाख युनिट विजेएवढी ऊर्जा हवेत मोकळी झालेली असते. वाऱ्यांच्या सगळ्या यंत्राचं इंधन हे.

परिवलनाकडे परत येते, कारण माझी खरी तक्रार ६० अंशांवर आहे.

उपध्रुवीय कमी दाबाचा पट्टा ६० अंशांजवळ का असतो? ‘तिथे परिवलनामुळे हवा बाहेर फेकली जाते, म्हणून दाब कमी होतो,’ असं उत्तर पुस्तकांत वाचायला मिळतं. फेकली जाते म्हणजे कुठे? परिवलनाचा वेग विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर, ६० अंशांवर त्याच्या बरोब्बर निम्मा. फेकायचंच असेल तर विषुववृत्तानं आधी फेकायला हवं. हा प्रश्न एकदा मागच्या बाकावरच्या मुलानं विचारला होता. त्या दिवशी तास लवकर संपला तर बरं, असं मला वाटून गेलं.

खरी गोष्ट जास्त रंगतदार आहे. विषुववृत्तावर वर चढलेली हवा ध्रुवाकडे निघते. गिरकी घेणारी नर्तकी पसरलेले हात जवळ घेते, तेव्हा तिची गिरकी वाढते ना? तसंच ही हवा ध्रुवाकडे जाताना पृथ्वीच्या अक्षाच्या जवळ येते आणि तिची पूर्वेकडची गती वाढत जाते. वाटेत काहीच अडथळा नसेल तर ३० अंशांवर पोचेपर्यंत ती पृथ्वीच्या पुढे ताशी ४८० किलोमीटरनं धावत असेल. ६० अंशांवर? ताशी २,५०० किलोमीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दुप्पट. अशी हवा ६० अंशांपर्यंत पोचत नाही हे उघड आहे. ३० अंशांच्या आसपासच हा प्रवाह डळमळतो, त्याला नागमोडी वळणं पडतात, आणि त्या वळणांतून मोठमोठे भोवरे सुटतात. मध्य अक्षवृत्तांतली वादळं ती हीच. उष्णता ध्रुवाकडे नेण्याचं उरलेलं काम ते भोवरे करतात. आणि ते ज्या वाटेनं रोज येजा करतात त्या वाटेवर दाब मोजून वर्षभराची सरासरी काढली, की ती कमी भरते. तोच आपला उपध्रुवीय पट्टा. तिथे हवा कोणी फेकत नाही. एकामागून एक वादळं जातात आणि त्यांची बेरीज नकाशावर पट्ट्यासारखी दिसते.

मुलांना ‘पट्टा’ म्हटलं की शाळेच्या गणवेशातला कमरेचा पट्टा आठवतो, सगळीकडून सारखा, बक्कल लावून बसवलेला. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या भोवती, तो जवळजवळ तसा आहेही, कारण मध्ये जमीन नाही. ‘गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ’ ही नावं पाठ करून घेताना हे एक वाक्य जोडलं तरी नावांना अर्थ येईल. उत्तर गोलार्धात मात्र त्या पट्ट्याचे तुकडे झालेत : एक आइसलँडजवळ, दुसरा अल्यूशियन बेटांजवळ. आणि हिवाळ्यात त्या दोहोंच्या मध्ये सायबेरियावर थंड, जड हवेचा ढिगारा बसलेला. समुद्रसपाटीला आणून मोजलेल्या दाबांतला एक उच्चांक, १०८३.८ हेक्टोपास्कल, तिथल्या अगाता या ठिकाणी ३१ डिसेंबर १९६८ रोजी नोंदला गेला. पुस्तकातला पट्टा खरा मानायचा तर तिथे कमी दाब हवा होता.

३० अंशांवरच्या जास्त दाबाच्या पट्ट्याचं तेच. ‘या पट्ट्यात हवा खाली उतरते, म्हणून वाळवंटं आढळतात.’ हवा उतरते हे खरं. उतरताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसनं तापते, हेही खरं, आणि ढगांचा कपाळमोक्ष तिथेच होतो. पण मग कैरो आणि न्यू ऑर्लिन्स दोन्ही ३० अंश उत्तर अक्षवृत्ताजवळ कशी? कैरोत वर्षाकाठी २५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे १,६०० मिलिमीटर. हा प्रश्न छापा की पुस्तकात! उत्तरही अवघड नाही. जास्त दाबाचा तो पट्टा सलग नाही, महासागरांवर त्याचे फुगवटे आहेत. अटलांटिकवरच्या फुगवट्याभोवती वारा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याच्या पूर्व अंगाला, आफ्रिकेकडे, उतरती कोरडी हवा उत्तरेकडून येते. पश्चिम अंगाला तोच वारा गरम समुद्रावरून वाफ उचलून अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणतो. पुन्हा तेच : वारा मधून बाहेर सरळ जात नाही, भोवती फिरतो, आणि म्हणूनच एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला दलदल.

खलाशांना हे फिरणं शास्त्रज्ञांच्या आधी कळलं होतं. १५२२ मध्ये मॅगेलनच्या ताफ्यातल्या ‘त्रिनिदाद’ जहाजानं मसाल्याच्या बेटांवरून पूर्वेकडे, पॅसिफिकमधून परतायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. ज्या वाऱ्यांनी आणलं ते परत नेईनात. १५६५ मध्ये उर्दानेता नावाच्या भिक्षूनं फिलिपाइन्सवरून निघताना जहाज आधी पार उत्तरेला नेलं, पश्चिमी वारे गाठले आणि मेक्सिको गाठलं. त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षं जहाजं त्याच वाटेनं गेली. व्यापारी वारे आणि पश्चिमी वारे हे एकाच मोठ्या फेऱ्याचे दोन काठ आहेत, हे सांगायला याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. आपण मात्र दोघांना दोन वेगळ्या मुद्द्यांत घालतो आणि ‘फरक स्पष्ट करा’ म्हणतो.

व्यापारी वाऱ्यांच्या दिशेचं आपण देतो ते कारणही २९० वर्षं जुनं आहे. जॉर्ज हॅडली या लंडनच्या वकिलानं १७३५ मध्ये ते मांडलं : विषुववृत्ताकडे पृथ्वीचा वेग जास्त, म्हणून उत्तरेकडून येणारी हवा मागे पडते आणि पश्चिमेकडे झुकते. वकिली सांभाळून इतकं सुचणं ही थोर गोष्ट. पण हवा आपला मूळ वेग जसाच्या तसा राखते असं त्यानं धरलं, त्यामुळे त्याचा हिशेब जेमतेम निम्म्याच्या आसपास भरतो. शिवाय त्याच्या कारणानं फक्त उत्तर-दक्षिण जाणारी हवा वळेल. सरळ पूर्वेला जाणारी हवा का वळते? तीही वळते, तितकीच वळते. त्याचं उत्तर फेरेलच्या काळात मिळालं. आपल्या पुस्तकांत अजून हॅडलीच बसलाय, आणि गंमत म्हणजे शेजारी नाव कोरिऑलिसचं लिहिलेलं असतं, ज्याचा १८३५ चा निबंध फिरत्या यंत्रांबद्दल होता. वाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही.

दाब आणि वारा यांची ही जोडी जुळली नाही तर काय होतं, हे लुइस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाइतकं कोणी भोगलं नसेल. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता त्यानं हातानं आकडेमोड करून हवामानाचं भाकीत काढायचा घाट घातला. दिवस निवडला २० मे १९१०, प्रदेश मध्य युरोप. आठवड्यांमागून आठवडे घालवून उत्तर आलं : सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलनी वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी तो जवळजवळ हललाच नव्हता. १९२२ च्या पुस्तकात त्यानं हे अपयश लपवलं नाही, सविस्तर छापलं. त्याचं कारण पुढे नीट उलगडलं. समीकरणं बरोबर होती, पण सुरुवातीला घातलेले वारे आणि दाब एकमेकांशी जुळणारे नव्हते. निरीक्षणांतल्या बारीकशा चुकांनी ती नाजूक बरोबरी मोडली आणि गणितातली हवा सैरभैर धावत सुटली. आपल्या पुस्तकातलं पहिलं वाक्य शब्दशः घेतलं तर हवा नेमकी तशीच धावेल.

एवढं सगळं म्हटल्यावर पुस्तकातलं वाक्य साफ खोटं का? नाही. जमिनीलगतच्या साधारण किलोमीटरभर थरात ते थोडं खरं आहे. तिथे झाडं, डोंगर, लाटा यांच्या घर्षणानं वारा मंदावतो, मंदावला की परिवलनाचं वळवणंही कमी पडतं, आणि दाबाची ओढ थोडी वरचढ ठरते. मग वारा समदाब रेषा तिरक्या ओलांडून आत शिरतो, समुद्रावर १०-२० अंशांनी, खडबडीत जमिनीवर ३० किंवा त्याहून जास्त अंशांनी. आत शिरलेल्या हवेला खाली जायला वाव नाही, म्हणून ती वर चढते, थंड होते, ढग धरते. कमी दाबाबरोबर पाऊस का येतो, याचं निम्मं उत्तर या तिरकेपणात आहे. बाकीचं निम्मं वरच्या हवेत.

विषुववृत्ताच्या अगदी लगतही वाक्य चालतं, कारण तिथे वळवणं शून्यावर येतं. आणि बघा, तिथे चक्रीवादळं जवळजवळ होतच नाहीत. समुद्र हवा तितका गरम, वाफ हवी तितकी, तरी ५ अंशांच्या आत वादळ क्वचितच जन्मतं, कारण खड्डा पडला की लगेच बुजतो. डिसेंबर २००१ मध्ये विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर ‘वामेई’ तयार झालं, तेव्हा हवामानशास्त्रज्ञांनी डोळे चोळले होते. उलट जिथे वळवणं पुरेसं आहे तिथे खड्डा किती खोल जाऊ शकतो, तर १२ ऑक्टोबर १९७९ रोजी पॅसिफिकमधल्या ‘टिप’ वादळाच्या मध्यावर दाब ८७० हेक्टोपास्कल मोजला गेला. शेकडो किलोमीटर रुंदीचा एवढा मोठा खड्डा, आणि हवा भोवती फिरतेय म्हणून तो उघडा राहिला.

वरच्या हवेबद्दल पुस्तकात एक परिच्छेद असतो, जेट प्रवाहावर, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यावर, आणि त्यात विमानांचं इंधन वाचतं एवढं सांगून विषय संपतो. वाचतं हे खरंच. फेब्रुवारी २०२० मध्ये एक प्रवासी विमान न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, पाठीशी वारा घेऊन. पण जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांची गोष्ट का नसावी? १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून हा वारा मोजला, आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्परांतो भाषेत छापला. जगानं काही तो वाचला नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर एवढ्या उंचीवर पोचली, तेव्हा वैमानिकांना तो वारा अंगावर घेऊन शिकावा लागला.

जेट प्रवाहाचं खरं महत्त्व त्याच्या नागमोडी वळणांत आहे. खालची वादळं आणि जास्त दाबाची क्षेत्रं त्या वळणांच्या आधारानं पुढे सरकतात. वळण अडून बसलं की खालचं हवामानही अडतं. २०१० च्या उन्हाळ्यात पश्चिम रशियावर जास्त दाबाचं क्षेत्र आठवडेच्या आठवडे हललं नाही. २९ जुलैला मॉस्कोत पारा ३८.२ अंशांवर गेला, रानं जळाली. त्याच अडलेल्या लाटेच्या पुढच्या उतारावर पाकिस्तानात पावसानं थैमान घातलं आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याखाली गेला. दोन बातम्या, वर्तमानपत्राच्या दोन वेगळ्या पानांवर, आणि कारण एकच. ‘हवामान’ आणि ‘आपत्ती’ असे दोन वेगळे धडे करून आपणही तेच करतो.

दाबांचं असं दूरवरचं नातं सगळ्यात आधी नीट पकडलं ते ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात दाब चढला की पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर उतरतो, आणि उलट. १९२४ मध्ये त्यांनी या झोक्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव दिलं. त्यामागे व्यापारी वाऱ्यांनी पॅसिफिकचं गरम पाणी पश्चिमेला लोटून ठेवणं आहे, इतकं की इंडोनेशियाकडे समुद्राची पातळी इक्वेडोरपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. वारे ढिले पडले की ते पाणी मागे सरकतं, आणि त्याला आपण एल निनो म्हणतो. यावर मी जास्त लिहीत नाही. या भागाचे धडे अलीकडे बरे होत चाललेत, हे कबूल करायला हवं.

मागणं फार नाही. वाऱ्यांच्या पट्ट्यांची ती रंगीत आकृती राहू द्या, पण तिच्या समोरच्या पानावर एखाद्या दिवसाचा खरा समदाब नकाशा छापा, वाऱ्याच्या बाणांसकट. मुलांना दोन्ही शेजारी ठेवून बघू द्या. आकृतीत जे नाही ते नकाशात त्यांना आपोआप दिसेल, आम्हांला फक्त प्रश्नांना तोंड द्यायची तयारी ठेवावी लागेल. ‘पोकळी’ आणि ‘हवा बाहेर फेकली जाते’ ही दोन वाक्यं पुढच्या आवृत्तीत नकोत. आणि ‘कारणे द्या’ऐवजी एखाद वर्षी नकाशावर क, ख, ग असे तीन बिंदू देऊन वारा कुठल्या दिशेनं वाहत असेल ते विचारा. पहिल्या वर्षी निम्मा वर्ग बाण थेट मध्यभागी काढेल. आम्ही शिक्षकही काढू.

हे सगळं एका आवृत्तीत जमणार नाही, मला कल्पना आहे. तोवर निदान उत्तरसूचीत एक ओळ घाला : ‘वारे समदाब रेषांना जवळपास समांतर वाहतात’ असं कोणी लिहिलं तर ते बरोबर धरावं. गेल्या वर्षी एका मुलानं तसं लिहिलं होतं, खाली छोटीशी आकृती काढून. मी दोनपैकी दोन दिले. फेरतपासणीत त्यातला एक कापला गेला, आणि समासात लाल शाईनं शेरा होता : ‘उत्तर पुस्तकाप्रमाणे नाही.’

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका